उहुदचा धडा : चूक आणि माणूस

अपयश आले की आपण बहुधा दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर सारा दोष नशिबावर किंवा दुसऱ्यावर ढकलून मोकळे होतो, नाही तर ‘मीच नालायक, अल्लाहने मला टाकून दिले’ असा निवाडा स्वतःविरुद्ध देऊन बसतो. दिव्य कुरआनने या दोहोंहून वेगळा मार्ग दाखविला आहे. तो उहुदच्या प्रसंगातून स्पष्ट होतो.

हिजरी सन ३. मक्केचे सैन्य चालून आले होते. मदिनेत राहूनच सामना करावा, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे मत होते, परंतु बद्रची संधी हुकलेल्या तरुणांनी बाहेर पडण्याचा आग्रह धरला आणि सल्लामसलतीअंती तसेच ठरले. प्रेषितांनी (स.) हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांच्या हाताखाली ५० तिरंदाज टेकडीवर नेमले आणि काहीही झाले तरी जागा न सोडण्याची ताकीद दिली. आरंभी विजय दिसू लागताच बहुतेक तिरंदाज युद्धसंपत्तीसाठी खाली उतरले. शत्रूच्या घोडदळाने पाठीमागून हल्ला केला. हजरत हमजा (रजि.) यांच्यासह सुमारे ७० सहाबा शहीद झाले, स्वतः प्रेषित (स.) जखमी झाले.

या घटनेवर सूरह आलिइमरानमध्ये जे भाष्य आले, त्याचा क्रम लक्षात घ्या. ‘हे संकट कोठून आले?’ या प्रश्नाला आयत १६५ मध्ये स्पष्ट उत्तर आहे की, ते तुमच्याच हातून ओढवले. चुकीवर पांघरूण घातलेले नाही. परंतु त्याच सूरहच्या आयत १३९ मध्ये, खचू नका, दुःखी होऊ नका, ईमानवंत असाल तर तुम्हीच वरचढ राहाल, असा दिलासा आहे. जय-पराजयाचे दिवस लोकांमध्ये फिरते ठेवले जातात, हेही पुढच्याच आयतीत सांगितले आहे. आयत १५२ मध्ये अवज्ञेचा उल्लेख आहे आणि लगेच क्षमेचीही घोषणा आहे.

सर्वांत विचार करायला लावणारी आयत १५९ आहे. प्रेषितांना (स.) आदेश होतो : यांना माफ करा, यांच्यासाठी क्षमायाचना करा आणि कामकाजात यांचा सल्ला घेत राहा. ज्यांच्या आग्रहाने बाहेर पडण्याचे ठरले, ज्यांचे पाय डळमळले, त्यांनाच पुन्हा मसलतीत स्थान! चूक दाखविली गेली. माणूस मात्र टाकला गेला नाही.

आता आपल्या घरांकडे पाहू या. मुलगा परीक्षेत नापास होतो, कुणाचे दुकान बुडते, मुलीचे ठरलेले लग्न मोडते. आपल्या तोंडून काय निघते? ‘तू आमचे नाक कापलेस’, ‘तुझ्या हातून काही होणारच नाही.’ हे बोल चूक दाखवीत नाहीत. ते माणसालाच चूक ठरवितात. त्याऐवजी शांतपणे बसून विचारावे : यात आपल्या हातून काय घडले आणि आपल्या हातात काय नव्हते? पहिल्यासाठी इस्तिगफार आणि सुधारणा, दुसऱ्यासाठी सब्र. मग घरातील पुढच्या निर्णयात त्याच मुलाचा, त्याच भावाचा सल्ला आवर्जून घ्यावा.

आणि अपयशी व्यक्ती आपण स्वतः असू, तर स्वतःशीही हाच न्याय करावा. ज्या रबने उहुदच्या जखमी सहाबांना आपल्या दारातून घालविले नाही, तो आपल्यालाही घालविणार नाही.

अल्लाह आपल्याला चूक मान्य करण्याचे धैर्य आणि त्याच्या कृपेवरील दृढ विश्वास प्रदान करो. आमीन.