दीर्घिकांचे तारुण्य आणि वार्धक्य : बिॲट्रिस टिन्सली

नाताळच्या सुमारास, चांदणे नसेल अशा रात्री, आठाच्या बेताला वस्तीतील दिव्यांपासून दूर जाऊन उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. शर्मिष्ठा हा पाच ठळक ताऱ्यांचा पुंज, इंग्रजी एम् अक्षराच्या आकाराचा, तुम्हांस समोर दिसेल. त्या अक्षराच्या दोन शिखरांपैकी जे अधिक टोकदार आहे ते जणू वर बोट दाखवीत असते. त्या रोखाने, हात लांब करून धरलेल्या दीड मुठीएवढे अंतर नजर वर सरकविली म्हणजे देवयानी पुंजात एक फिकट, पिंजलेल्या कापसासारखा ठिपका आढळतो. तो तारा नव्हे. ती आपल्या आकाशगंगेसारखीच एक स्वतंत्र दीर्घिका, अब्जावधी सूर्यांची वसाहत आहे. १९२३ साली एडविन हबल यांनी माउंट विल्सनवरील १०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रात त्या ठिपक्यातील एक विशिष्ट जातीचा तारा ओळखला, आणि हा तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडे आहे हे निश्चित झाले.

त्या ठिपक्यापासून आपल्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश सुमारे २५ लक्ष वर्षांपूर्वी निघालेला आहे. तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा मनुष्य जन्मास आला नव्हता. म्हणजे आपण देवयानी दीर्घिका आज आहे तशी पाहत नाही. ती होती तशी पाहतो. २५ लक्ष वर्षे हा दीर्घिकेच्या आयुष्यात केवळ क्षण होय, म्हणून येथे फारसे बिघडत नाही. परंतु जी दीर्घिका पाच अब्ज वर्षे मागचा प्रकाश आपल्याकडे धाडते, तिच्याविषयी काय म्हणावे? तिचे आपल्याला दिसणारे रूप तिच्या तरुणपणाचे आहे. ही साधी गोष्ट मनावर घेऊन तिचा हिशेब अखेरपर्यंत मांडणाऱ्या एका विदुषीची ओळख आम्ही येथे करून देणार आहोत.

प्रथम अडचण काय होती ते समजून घेऊ. रात्री दूरच्या टेकडीवर एक दिवा दिसतो. तो किती लांब आहे हे जागेवर बसून सांगता येईल काय? दिवा किती मेणबत्त्यांच्या शक्तीचा आहे हे ठाऊक असेल तर येईल. कारण अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो, तिप्पट झाले की नवव्या हिश्शावर. ज्योतिर्विदांनी हीच युक्ती विश्व मोजण्यासाठी योजिली होती. दीर्घिकांच्या मोठमोठ्या समूहांत जी सर्वांत तेजस्वी, लंबगोल आकाराची दीर्घिका असते ती सर्वत्र सारख्याच शक्तीचा दिवा आहे असे धरावयाचे, ती किती मंद दिसते यावरून तिचे अंतर काढावयाचे, आणि त्यावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग मंदावत आहे की काय, मंदावत असेल तर विश्व पुढेमागे आपल्याच भाराने परत कोसळणार की काय, हे ठरवावयाचे. पॅलोमार पर्वतावरील २०० इंची दुर्बिणीवर ॲलन सँडेज यांच्यासारखे थोर निरीक्षक वर्षानुवर्षे या कामी खपले होते. दिव्याचे तेल काळाबरोबर कमी होत असेल ही शंका कोणास आलीच नव्हती असे नाही. परंतु तो फरक किरकोळ आहे, असे बहुतेकांस वाटे.

तो फरक किरकोळ नाही, हे गणिताने दाखविणारी स्त्री त्या वेळी पंचविशीची होती आणि कोणत्याही दुर्बिणीवर तिची नेमणूक नव्हती.

बिॲट्रिस हिल हिचा जन्म २७ जानेवारी १९४१ रोजी इंग्लंडात चेस्टर येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, हे कुटुंब न्यूझीलंडास गेले, आणि पुढे न्यू प्लिमथ या गावी स्थिरावले. वडील त्या गावचे नगराध्यक्षही झाले. बिॲट्रिस तेथील मुलींच्या हायस्कुलात शिकली. ती व्हायोलिन उत्तम वाजवी, आणि गणितात तिची गती असामान्य होती. क्राइस्टचर्च येथील कँटरबरी विद्यापीठात तिने पदार्थविज्ञान घेतले. खगोलशास्त्राची ओढ होती, परंतु त्या विषयाचे उच्च शिक्षण तेथे घेता येण्याजोगे नव्हते. १९६१ साली वर्गबंधू ब्रायन टिन्सली यांच्याशी तिचा विवाह झाला. पती विद्यापीठात काम करीत असता पत्नीस तेथे काम मिळू शकत नाही, असा नियम त्या काळी होता. तो लग्नानंतर तिच्या आड आला. असले नियम करणारी माणसे दुष्ट असतात असे नाही. घरात एक पगार पुरे, अशी त्यांची सरळ समजूत असते, आणि ती समजूत आमच्या काही पालकांच्या घरीही आम्ही ऐकिली आहे.

१९६३ साली पतीस अमेरिकेत टेक्सस संस्थानातील डलास येथे संशोधनाची जागा मिळाली आणि दांपत्य तिकडे गेले. डलासला बाईंना करण्याजोगे काही नव्हते. खगोलशास्त्राचा विभाग होता तो ऑस्टिनच्या विद्यापीठात, सुमारे २०० मैलांवर. १९६४ साली टिन्सलीबाईंनी तेथे नाव घातले, आणि आठवड्यातील काही दिवस तिकडे राहून पुन्हा घरी परतावे असा क्रम ठेविला. एका खेपेचे दोनशे मैल म्हणजे मुंबईहून निघून पुणे ओलांडून साताऱ्याच्याही पुढे जाणे होय. असे करीत १९६६ साली त्यांनी प्रबंध पुरा केला. त्याचा विषय होता दीर्घिकांची उत्क्रांती आणि विश्वरचनाशास्त्रात तिचे महत्त्व.

या प्रबंधात केले काय, हे आपण नीट पाहू. कारण त्यातील रीत वर्गातील कोणासही समजण्यासारखी आहे. एका गावाची खानेसुमारी कल्पा. किती मुले जन्मली, किती वर्षांत कोण मेले, हे कळले तर पन्नास वर्षांनंतर गावात तरुण किती व म्हातारे किती हे सांगता येते. ताऱ्यांचेही तसेच आहे; मात्र त्यांच्यात उलटा न्याय चालतो. जो तारा मोठा तो उधळ्या! सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचा तारा निळसर पांढरा, अतिशय तेजस्वी असतो, आणि सुमारे एक कोटी वर्षांतच आपले भांडवल संपवून स्फोटाने नाश पावतो. सूर्यासारखा मध्यम तारा सुमारे दहा अब्ज वर्षे जळतो. सूर्याहून बराच लहान, तांबूस, मंद तारा त्याहूनही कितीतरी अधिक टिकतो. तेव्हा ज्या दीर्घिकेत नवे तारे जन्मत आहेत ती निळसर व तेजस्वी दिसणार, आणि ज्या दीर्घिकेतील जन्म थांबले आहेत ती हळूहळू तांबूस व निस्तेज होत जाणार.

ही गोष्ट वाक्यात सांगणे सोपे. आकड्यांत मांडणे कठीण. टिन्सलीबाईंनी एक दीर्घिका गणकयंत्रात मांडली. आरंभी सारा वायूच. त्यातून ठरावीक प्रमाणात तारे निर्माण होऊ द्यावयाचे, थोरले किती आणि धाकटे किती हे प्रमाण गृहीत धरावयाचे, प्रत्येक आकाराच्या ताऱ्याचे आयुष्य आणि रंग ताऱ्यांच्या शास्त्रातून घ्यावयाचे. मरणारे तारे आपला बराचसा वायू परत टाकतात, आणि तो परत आलेला वायू पूर्वीसारखा निर्भेळ नसतो. ताऱ्याच्या भट्टीत तयार झालेला प्राणवायू, कार्बन, लोह त्यात मिसळलेले असते. पुढची पिढी त्या वायूतून जन्मते. असा जमाखर्च अब्जावधी वर्षे पुढे नेत, प्रत्येक टप्प्यास त्या दीर्घिकेचे एकंदर तेज किती, रंग कोणता, शिल्लक वायू किती, हे काढावयाचे आणि आकाशातील खऱ्या दीर्घिकांशी ताडून पाहावयाचे. (आपल्या रक्तातील लोह आणि हाडांतील चुना हाही त्या जुन्या जमाखर्चातील जमेचीच रक्कम आहे.) पूर्वी दीर्घिकांचे आकारावरून वर्गीकरण होत असे, जसे आपण पाने वहीत चिकटवून त्यांस नावे देतो. या हिशेबाने त्या वर्गीकरणास जन्म, वाढ आणि जरा यांची जोड मिळाली. हे काम १९६८ साली छापून प्रसिद्ध झाले.

यावरून दिव्याचा प्रश्न कसा बदलला पाहा. जुन्या लंबगोल दीर्घिका काळाबरोबर मंद होत असतील, तर पूर्वी त्या आजच्याहून अधिक तेजस्वी होत्या. दूरच्या दीर्घिकेचे आपण पूर्वीचे रूप पाहतो, तेव्हा ती अपेक्षेहून ठळक दिसणार, आणि आपण तिला खऱ्याहून जवळ समजणार. ही चूक एकाच बाजूची आहे. कितीही दीर्घिका मोजल्या तरी सरासरीत ती नाहीशी व्हावयाची नाही. ती दुरुस्त करताच विश्व परत कोसळणार या अनुमानाचा पायाच ढासळतो. सँडेज यांच्यासारख्या अनुभवी पुरुषास हे रुचले नाही, आणि मतभेद पुष्कळ वर्षे चालला. आम्हांस येथे एक गोष्ट सांगणे न्यायाचे वाटते : पुढे दुसऱ्या संशोधकांनी असेही दाखविले की समूहातील मोठी दीर्घिका शेजारच्या लहान दीर्घिकांस गिळून काळाबरोबर पुष्टही होऊ शकते, म्हणजे फरक उलट दिशेसही जाऊ शकतो. दोन्ही मिळून निष्पन्न एवढेच झाले की, दीर्घिकेचे चरित्र जाणल्यावाचून तिचा दिवा म्हणून उपयोग करता येत नाही.

१९७४ साली टिन्सलीबाई आणि त्यांचे तीन सहकारी, गॉट, गन आणि श्रॅम, यांनी निरनिराळे पुरावे एकत्र करून, विश्वातील द्रव्य प्रसरण थोपविण्यास पुरेसे नाही आणि विश्व असेच पसरत राहील, असे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी त्यांनी व जेम्स गन यांनी त्याहून धाडसाचा लेख लिहिला : उपलब्ध मोजमापे खरी मानली तर प्रसरणाचा वेग वाढत असावा! त्या वेळची मोजमापे कच्ची होती आणि ते दोघेही हे जाणून होते. म्हणून त्यांनी तो शोध लावला असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. १९९८ साली दोन स्वतंत्र मंडळींनी स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांचा दिव्यासारखा उपयोग करून वेग खरोखरच वाढत असल्याचे दाखविले, आणि २०११ साली त्याबद्दल नोबेल पारितोषिक दिले गेले. टिन्सलीबाई तेव्हा हयात नव्हत्या.

आता एक कठीण गोष्ट. टिन्सली दांपत्याने एक मुलगा व एक मुलगी दत्तक घेतली होती. घर, मुले आणि संशोधन यांची ओढाताण अनेक वर्षे चालली. डलासला बाईंस योग्य अशी कायमची जागा मिळेना. शेवटी १९७४ साली विवाह मोडला. मुले पित्याकडे राहिली, आणि १९७५ पासून त्या दूरच्या येल विद्यापीठात अध्यापन करू लागल्या. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस हे वाचून वाईट वाटेल. आम्हांसही वाटते. परंतु पुरुष संशोधकाच्या चरित्रात हा प्रश्न बहुधा लिहावाच लागत नाही. त्याच्या मुलांची काळजी दुसरे कोणी तरी घेत असते, आणि चरित्रकार तिचे नाव विसरतो. बाईंच्या निवडीवर निकाल देण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र घर व विद्या एकाच गावी मिळती तर ही निवड त्यांना करावीच लागली नसती, एवढे आम्ही म्हणू.

येलला त्यांच्या कामास बहर आला. १९७७ साली तेथे दीर्घिकांच्या उत्क्रांतीवर त्यांनी रिचर्ड लार्सन यांच्यासह मोठी परिषद भरविली. याच दोघांनी १९७८ साली एक सुंदर निबंध प्रसिद्ध केला. हॉल्टन आर्प यांच्या चित्रसंग्रहात वाकड्यातिकड्या, शेपट्या फुटलेल्या, एकमेकींस खेटलेल्या दीर्घिका आहेत. त्यांचे रंग साध्या दीर्घिकांच्या रंगांशी ताडून पाहता ते फारच विखुरलेले आढळले. दोन दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या की त्यांतील वायू खवळतो, आणि अवघ्या दोन कोटी वर्षांतही ताऱ्यांच्या जन्माची लाट उसळू शकते. एवढ्याने ते रंग उलगडतात, असे त्यांनी दाखविले. टक्कर हा केवळ अपघात नसून ती ताऱ्यांना जन्म देणारी घटनाही आहे, हे येथून शास्त्रज्ञांच्या मनात ठसले.

१९७८ साली त्या येल येथे खगोलशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. तो मान तेथे मिळविणारी ही पहिली स्त्री. त्याच वर्षी त्यांस त्वचेच्या कर्करोगाने गाठले. उपचार चालू असता शिकविणे व लिहिणे चालूच होते. पुढे रोग मेंदूपर्यंत पोचून उजवा हात निकामी झाला, तेव्हा त्या डाव्या हाताने लिहावयास शिकल्या. शेवटचा निबंध त्यांनी मृत्यूपूर्वी अवघे दहा दिवस आधी नियतकालिकाकडे धाडला. २३ मार्च १९८१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. चवदा वर्षांच्या उद्योगात सुमारे शंभर निबंध त्यांच्या नावावर आहेत. न्यूझीलंडात केप्लर पर्वतश्रेणीतील एका शिखरास त्यांचे नाव दिलेले आहे.

आज जेम्स वेब दुर्बीण, जी २५ डिसेंबर २०२१ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, अवकाशात गेली, ती विश्व तीस कोटी वर्षांचेही नव्हते तेव्हाच्या दीर्घिका दाखविते. त्या इवल्याशा ठिपक्यांचे वय आणि त्यांतील ताऱ्यांचे वस्तुमान काढताना संशोधक मुळात तीच खानेसुमारी करतात. केवळ गणकयंत्र मोठे झाले आहे.

आणि या हिशेबातील एक रकाना आपल्या महाराष्ट्रात भरला गेला आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या साहाय्याने २०२० साली संशोधकांनी साडेसात हजारांहून अधिक दूरच्या दीर्घिकांचे क्षीण संदेश एकत्र करून, सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वी त्यांत किती हायड्रोजन वायू होता हे मोजले. ज्या झपाट्याने तेथे तारे जन्मत होते, त्या झपाट्याने तो साठा एक-दोन अब्ज वर्षांत संपणार होता. बाहेरून नवा वायू तितक्या वेगाने येत नव्हता, म्हणून पुढे ताऱ्यांचे जन्म कमी झाले असा तर्क आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडद येथे विद्यार्थ्यांसाठी प्रदर्शन भरत असते. ज्यांना दुर्बीण पाहावयाची असेल त्यांनी वर्गशिक्षकांकडे नावे द्यावीत, आणि त्यापूर्वी एका अंधाऱ्या रात्री देवयानीतील तो ठिपका स्वतःच्या डोळ्यांनी शोधून ठेवावा.