बंद दाराशी काढलेले दिवस

अभ्यासाचा उतारा : प्रेषितांची कृत्ये १६:६-१०

पौलास आशियात व बिथुनियात जाण्यास मनाई झाली, आणि मग मासेदोनियाची वाट उघडली, हे आपण ह्या उताऱ्यात वाचतो. आपल्या प्रांतातील अमेरिकन मिशनाचा आरंभही असाच अडचणीत झाला.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलेम नगरात पाच तरुणांस दीक्षा मिळाली. ते कलकत्त्यास पोहोंचताच कंपनी सरकारने त्यांस देश सोडण्याचा हुकूम केला. त्यांपैकी न्यूएल साहेबांच्या पत्नी हॅरिएट ह्या ३० नोव्हेंबरास मॉरिशस बेटात वारल्या; त्यांचे वय अवघे १९ वर्षांचे होते. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस उतरले. तेथेही त्यांस परत धाडण्याचा हुकूम आला.

मग त्यांनी काय केले? गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन ह्यांस नम्रपणे विनंतीपत्रे लिहिली, आणि मराठी शिकण्यास आरंभ केला. शिकविण्यास आलेले ते आधी शिकणारे झाले. पुढे राहण्याची परवानगी मिळाली, आणि १८१७ साली मिशनाच्या छापखान्यातून मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले.

उपदेशक बंधूंनो, नव्या गावी कोणी दारात उभे करीत नसेल, तर ते दिवस फुकट गेले असे आपण मानू नये. त्या गावची बोली व तेथील लोकांची सुखदुःखे ह्यांचा अभ्यास करावा. दार उघडणे प्रभूकडे आहे. ते उघडेल तेव्हा लोकांस समजेल असे बोलता येणे, ही तयारी आपणांकडे आहे, असे आम्हांस वाटते.