असेंब्लरच्या हाती नाव देताना

बाळ्या, कंपायलरच्या मागच्या बाजूचं काम तुझ्याकडे आलं म्हणे. छान झालं. आता तू रजिस्टरांची वाटणी, सूचनांची निवड असल्या भारदस्त गोष्टींत रमशील आणि सिंबलांची नावं छापण्याचं काम ‘त्यात काय एवढं’ म्हणत शुक्रवारी संध्याकाळी उरकशील. सगळेच तसं करतात, म्हणून तुझ्या मावशीने हे लिहून ठेवलंय. वाटेल तिथून वाच, फक्त तिसरा मुद्दा गाळू नकोस.

१. काही बिनसलं की आधी उणे चिन्ह आणि मोठा ‘एस’ देऊन असेंब्लीची फाइल काढ आणि ती स्वतः वाच — सी भाषेत लिहिलेलं नाव खाली जसंच्या तसं उतरतं, हा समज बरेचदा तिथेच गळून पडतो.

२. कंपायलर समजून घेतो, असेंब्लर वाचून घेतो. ‘हे फंक्शनचं नाव आहे’ ही तुझ्या मनातली गोष्ट त्याला कळत नाही — त्याच्यासमोर नुसता मजकूर असतो आणि त्या मजकुराचं व्याकरण त्याचं स्वतःचं असतं.

३. इंटेल पद्धतीची असेंब्ली छापणार असशील तर जपून. एटी अँड टी पद्धतीत प्रत्येक रजिस्टरपुढे % असतं, त्यामुळे ‘आरएएक्स’ हे रजिस्टर आणि कुणी हौसेने ‘आरएएक्स’ नाव दिलेलं फंक्शन यांची गल्लत होत नाही. इंटेल पद्धतीत ते चिन्ह बहुधा गाळतात, आणि मग लग्नाच्या मांडवात दोन्हीकडच्या मंडळींनी एकाच रंगाचे फेटे बांधावेत तशी गत होते. त्यातही चूक दाखवून असेंब्लर थांबला तर नशीब समज. ‘कॉल’पुढे ‘आरएएक्स’ आलं की तो निमूटपणे ‘या रजिस्टरात जो पत्ता असेल तिथे उडी मार’ असा कोड बनवतो — कारण ती सूचना त्याच्या लेखी अगदी बरोबर असते.

४. राखीव नावं म्हणजे फक्त रजिस्टरं, असं धरून चालू नकोस. ग्नू असेंब्लरच्या इंटेल पद्धतीत ‘अँड’, ‘नॉट’, ‘मॉड’, ‘ऑफसेट’ हेही शब्द त्याचे स्वतःचे आहेत — आणि ‘ऑफसेट’ नावाचा व्हेरिएबल कुठल्या प्रोग्रॅममध्ये नसतो, सांग बरं!

५. नावात स्पेस, कंस, प्रश्नचिन्ह असं काही आलं तर ते दुहेरी अवतरणात छाप. ग्नू असेंब्लर अवतरणात शून्य बाइट सोडून काहीही चालवून घेतो, फक्त आतल्या अवतरणचिन्हाआधी उलटी तिरकी रेघ हवी. एलएलव्हीएमही साधं नाव उघडं आणि बाकीचं अवतरणात छापतं — विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीतल्या सी++ नावांची सुरुवातच प्रश्नचिन्हाने होते, तिथे दुसरा इलाज नसतो.

६. पण अवतरणाने विचित्र अक्षराची सोय झाली म्हणजे राखीव शब्दाचीही झाली, असं मानू नकोस. ज्या असेंब्लरवर काम चालायचं आहे त्याच्यावरच करून बघ — ‘चालेल’ आणि ‘चाललं’ यांच्यामध्ये एक अख्खा रविवार असतो.

७. डॉलरशी अदबीने वाग. जीसीसी आणि क्लँग सी भाषेतल्या नावात $ चालवून घेतात, पण एटी अँड टी पद्धतीत $ आला की पुढे थेट आकडा किंवा पत्ता आहे असं असेंब्लर समजतो. म्हणून एलएलव्हीएमचा एक्स८६ विभाग $ ने सुरू होणारं नाव कंसात घालून छापतो. नॅझममध्ये मात्र उलटं आहे: तिथे राखीव शब्दाआधी $ लावला की तो साधं नाव होतो — म्हणून एका असेंब्लरची युक्ती दुसऱ्याकडे डोळे मिटून नेऊ नये.

८. @ बद्दलही तेच. एक्स८६ वर फंक्शनचा प्रकार सांगताना @ लिहितात, आर्मवर % लिहितात — कारण आर्मच्या ग्नू असेंब्लरमध्ये @ पासून पुढचं सगळं टिप्पणीत जातं. शिवाय ईएलएफमध्ये नावानंतरचा @ सिंबलची आवृत्ती सांगतो, तेव्हा तो स्वतःच्या नावांत हौसेने घालू नकोस.

९. तुला स्वतःला आतल्या कामासाठी नाव बनवायचं असेल तर टिंब वापर. फंक्शनच्या आत ‘काउंटर’ नावाचा स्टॅटिक असेल तर जीसीसी ‘काउंटर’पुढे टिंब आणि आकडा जोडतं, क्वचित लागणारा कोड बाजूला काढला की टिंब आणि ‘कोल्ड’ — सी भाषेच्या नावात टिंब येऊच शकत नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या नावाशी टक्कर होत नाही.

१०. नावाआधीचा अंडरस्कोर गृहीत धरू नकोस. मॅकवर आणि ३२ बिटांच्या विंडोजवर तो लागतो, लिनक्सवर आणि ६४ बिटांच्या विंडोजवर नाही. जीसीसी आणि क्लँग तो प्रीफिक्स एका तयार मॅक्रोमधून सांगतात, तिथूनच घे. मॅकवर मोठ्या ‘एल’ने सुरू होणारं नाव असेंब्लर तात्पुरतं लेबल समजतो; ‘एल’ने सुरू होणारी तुमची फंक्शनं तिथे वाचतात ती याच अंडरस्कोरमुळे. एएसएम लेबल देऊन नाव हट्टाने तसंच्या तसं उतरवलंस, तर हे संरक्षण गेलं म्हणून समज.

११. इनलाइन असेंब्लीत फंक्शनचं नाव हाताने लिहू नकोस, ऑपरंड म्हणून दे — मग प्रीफिक्स, कंस, अवतरण ही सगळी उठाठेव कंपायलर करतो, आणि ती त्याचीच आहे.

१२. सी++ चं मँगल केलेलं नाव तर मुळीच हाताने लिहू नकोस. हाताने मँगल, उद्या दंगल! वाचायचं असेल तर सीप्लसप्लसफिल्ट नावाचं छोटं हत्यार आहे — पॅरामीटरचा एक प्रकार बदलला की नाव बदलतं, आणि लिंकर नुसतं ‘सापडलं नाही’ म्हणतो.

१३. आता आपल्या जिव्हाळ्याचं. जीसीसी १० पासून, म्हणजे २०२० पासून, फंक्शनला थेट देवनागरीत ‘आई’ असं नाव देता येतं. क्लँगला त्याआधीच येत होतं. लिनक्सवर सी++ मध्ये ते नाव अंडरस्कोर, मोठा ‘झेड’ आणि लांबीचा आकडा लावून उतरतं, आणि तो आकडा २ नसून ६ असतो — लांबी बाइटांत मोजतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं.

१४. त्याहून खट्याळ भानगड ‘वाऱ्याचा_वेग’ अशा नावाची. त्यातला ‘ऱ’ एक सबंध चिन्ह म्हणून टाइप होतो, ‘र’ आणि नुक्ता असा दोन तुकड्यांतही होतो, आणि काही कीबोर्ड ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशी तिसरीच तऱ्हा करतात. दिसायला जुळं, बाइटांत वेगळं! एका फाइलीत एक रूप, दुसरीत दुसरं, आणि लिंकर ‘हे नाव कुठेच नाही’ म्हणतो, आणि तुला मात्र ते दोन्हीकडे ढळढळीत दिसत असतं. युनिकोडच्या एनएफसी रूपात पहिल्या दोन तऱ्हा एक होतात, तिसरी होत नाही, आणि सी++ च्या नव्या नियमांत तो जोडक नावात चालतही नाही. जीसीसी एनएफसीबद्दल आपणहून इशारा देतं. तो बंद करू नकोस — असेंब्लर आणि लिंकर बाइट जुळवतात, अक्षरं नाहीत.

१५. नवी भाषा बनवत असशील तर अवतरणांच्या नादी न लागता नाव सरळ साध्या अक्षरांत बदलून टाक. हॅस्केलचा जीएचसी अधिकच्या चिन्हाऐवजी ‘झेडपी’ लिहितो. रस्टची नवी मँगलिंग पद्धत बाहेरच्या लिपीतलं नाव प्युनीकोडमध्ये बदलते. दिसायला ओबडधोबड, पण माझं मत याच बाजूने — राखीव शब्द टाळले तर अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढ्यांवर कुठलाच असेंब्लर नाक मुरडत नाही.

१६. क्लँगवर ‘माझ्याकडे तर चालतं’ असं कुणी म्हणालं तर लगेच हुरळू नकोस. क्लँग एरवी मजकूर न छापता थेट ऑब्जेक्ट फाइल बनवतो. आतला असेंब्लर बंद करून, मजकुरामार्गे पुन्हा बनव आणि दोन्ही फाइली ताडून बघ — छापण्यातली चूक फक्त दुसऱ्या वाटेवर दिसते.

१७. चाचण्यांत एक फाइल वाकड्या नावांची ठेव: रजिस्टरं, राखीव शब्द, $, टिंब, स्पेस, देवनागरी. ती नुसती असेंबल करून सोडू नकोस, लिंक कर आणि चालवूनही बघ — तिसऱ्या मुद्द्यातला ‘कॉल’ असेंब्लरकडून बिनबोभाट पुढे जातो आणि चालवतानाच कोसळतो.

१८. आणि हो, त्या चाचणीच्या फाइलला स्वतःला मात्र साधं, बिनस्पेसचं नाव दे — मेकला स्पेस दिसली की तो एका फाइलीच्या दोन करतो.