गाडीतला हीटर, ब्लोअर आणि काचेवरची वाफ



आपल्या शाळेतील बऱ्याच घरांचे मूळ गाव खानदेशात आहे. लग्नकार्य असो की सुट्ट्या, पलसाणा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर हा रस्ता आपल्या मुलांनासुद्धा पाठ असतो. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणत, आता ५३ म्हणतात. विसरवाडी मागे पडली की कोंडाईबारीचा घाट लागतो. हा लेख त्या घाटात सुरू झाला.

काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात आम्ही पाच जण आमच्या जुन्या पेट्रोल गाडीने धुळ्याकडे निघालो होतो. पाऊस जोराचा, त्यामुळे सगळ्या काचा वर. घाट चढू लागलो आणि पुढची काच पाहता पाहता पांढरी झाली. वायपर जोरात लावला, काही फरक नाही; कारण वाफ आतून धरली होती. पुढच्या ट्रकचा दिवा म्हणजे नुसता लाल डाग. आमच्या सौ. टॉवेलने काच पुसत होत्या, पण मिनिटाभरात पुन्हा तेच. मी हीटरचा दांडा गरमकडे ओढला, ब्लोअर पूर्ण लावला. आवाज भरपूर आला, हवा मात्र काचेवर फुंकर मारल्यासारखी, आणि तीही थंड. शेवटी दोन्ही बाजूंच्या काचा खाली केल्या, सगळे भिजलो आणि रांगत रांगत एका ढाब्यापर्यंत पोहोचलो.

सचिनला परतल्यावर बॉनेट उघडले तेव्हा कारण कळले. पूर्वी एकदा हीटरमधून पाणी गळत होते. तेव्हा मेकॅनिकने हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप काढून एकमेकांना जोडून टाकले होते. "सर, अपने सूरत में हीटर का क्या काम?" असे तो म्हणाला होता आणि मीही मान डोलावली होती. म्हणजे निम्मी चूक माझीच. सुरतेच्या हवेत हीटर हे थंडीचे साधन नाही हे खरे. पण ते काच स्वच्छ ठेवण्याचे साधन आहे, हे आम्ही दोघेही विसरलो. अमेरिकेत तर पुढच्या काचेवरची वाफ घालवण्याची व्यवस्था गाडीत असलीच पाहिजे असा नियम आहे.

आता थोडे विज्ञान. हवा जितकी गरम तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. २० अंशाला जेमतेम १७ ग्रॅम. बंद गाडीत पाच माणसांचे श्वास आणि ओले कपडे, त्यामुळे हवा वाफेने भरलेली. बाहेरून पावसाने काच गार केलेली. काचेला लागून असलेली हवा थंड होते, जास्तीची वाफ तिच्यात मावत नाही आणि ती थेंब होऊन काचेवर बसते. ज्या तापमानाला हे सुरू होते त्याला दवबिंदू म्हणतात. (मी हिंदीतून शिकलो, तिकडे आम्ही ओसांक म्हणत असू.) टॉवेलने थेंब पुसले जातात, पण काच गारच राहते, म्हणून वाफ पुन्हा धरते. खरा उपाय म्हणजे काच गरम करणे आणि आतली दमट हवा बदलणे.

त्यासाठी लागणारी उष्णता फुकट असते. पेट्रोल जळून मिळणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग चाकांपर्यंत पोहोचतच नाही, तो धुरातून आणि रेडिएटरमधून वाया जातो. इंजिनभोवती फिरून तापलेले पाणी, म्हणजे कूलंट, दोन पाइपांतून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये येते. ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो आणि आतल्या झडपा ती हवा काचेवर, तोंडावर किंवा पायाकडे वळवतात. जुन्या गाड्यांत या झडपा बहुधा डॅशबोर्डवरच्या दांड्याला तारेने जोडलेल्या असतात. म्हणजे इथे तीन वाटा आहेत: हवेची, उष्णतेची आणि विजेची. बिघाड झाला की आधी विचारायचे, कोणती वाट अडली आहे? हे न विचारता सुटे भाग बदलत बसलो की खिसा रिकामा होतो आणि काच पांढरीच राहते.

ब्लोअरचा आवाज येतो पण वारा नाही, म्हणजे हवेची वाट अडली. बाहेरची हवा वायपरच्या खालच्या जाळीतून आत येते. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर तिथे पाला साचतो. आमच्या जाळीत लिंबाची पाने होती आणि त्यांना चिकटलेला कापसासारखा तंतू. कारखान्यांच्या गावात हे व्हायचेच. तिथलेच पाणी जाण्याचे भोक बुजले तर पावसाचे पाणी आत ब्लोअरपर्यंत येऊ शकते. गाडीत हवेची जाळी, म्हणजे केबिन फिल्टर, असेल तर ती काढून पाहावी. बऱ्याच जुन्या गाड्यांत ती नसतेच. आणि उंदीर! आमच्या ब्लोअरच्या पंख्यात कागदाच्या कपट्यांचे घरटे निघाले. कपटे जुळवून पाहिले तर ती आपल्याच शाळेच्या चाचणीची प्रश्नपत्रिका होती.

वारा जोरात येतो पण भलत्याच ठिकाणाहून, तर दांड्याची तार सुटली असेल किंवा झडपेच्या कडेचा फोम झिजला असेल. दांडा हलवताना नेहमीचा जोर लागत नसेल तर आधी तारेकडेच पाहावे. हे काम छोटे असते, मात्र डॅशबोर्डखाली वाकून टॉर्च धरणारा कोणीतरी लागतो. मुलांनी हे काम जरूर करावे.

ब्लोअर फक्त शेवटच्या, सर्वांत मोठ्या वेगावर चालतो आणि बाकीच्या वेगांवर मुका राहतो, ही तक्रार फार आढळते. दहावीच्या विद्यार्थ्यांनी इथे थांबून विचार करावा. कमी वेगासाठी मोटरला एकसर जोडणीत रोध जोडलेला असतो, त्यामुळे १२ व्होल्टपैकी काही भाग रोधावर खर्च होतो. शेवटच्या वेगाला रोध वगळून पूर्ण दाब मोटरला मिळतो. मग फक्त शेवटचाच वेग चालतो तेव्हा मोटर चांगली आहे, फ्यूज चांगला आहे, रोध जळला आहे, हे काहीही न उघडता सांगता येते. हा रोध बहुधा ब्लोअरच्याच वाऱ्यात ठेवलेला असतो, म्हणजे तो थंड राहावा. पाल्याने वारा अडला की तो तापून जळतो. म्हणून जाळी साफ न करता नवा रोध घातला तर तोही जाईल. ब्लोअर मुळीच चालत नसेल तर आधी फ्यूज पाहावा. नवा फ्यूज तितक्याच अँपिअरचा घ्यावा. तार गुंडाळून काम भागवणे म्हणजे आगीला आमंत्रण.

वारा भरपूर पण थंड, तर उष्णतेची वाट पाहायची. हे काम मोठ्यांनी करावे. इंजिन तापवून बंद करावे आणि हीटरच्या दोन्ही पाइपांना जपून हात लावावा. दोन्ही गरम असतील तर पाणी पोहोचते आहे, झडप अडकली आहे. एक गरम आणि दुसरा जवळजवळ थंड असेल तर आतला रेडिएटर चोंदला आहे. दोन्ही थंड असतील तर कूलंट कमी आहे किंवा हीटरचा कॉक बंद आहे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये, उकळते पाणी अंगावर उडते. आपल्याकडे अनेक गाड्यांचा थर्मोस्टॅटही 'गरम हवेत नको' म्हणून काढलेला असतो. मला हे मुळीच पटत नाही. त्याने इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि हीटर कोमट राहतो.

गाडीत गोडसर वास येत असेल, काच पुसल्यावर तेलकट राहत असेल आणि पायाखालचा गालिचा ओला असेल, तर आतला रेडिएटर गळतो आहे. कूलंटमध्ये विषारी इथिलीन ग्लायकॉल असते. त्याची चव गोड असते, म्हणून लहान मुले आणि कुत्री-मांजरे यांना त्यापासून दूर ठेवावे. पाणी स्वच्छ आणि बिनवासाचे असेल तर बहुतेक एसीची नळी बुजली आहे, घाबरण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट म्हणजे हवा आत-बाहेर करणारा दांडा. जीआयडीसीच्या रस्त्यावर धूळ आणि वास येतो म्हणून आपण तो कायम 'आतली हवा' वर ठेवतो आणि विसरतो. पावसात तो 'बाहेरची हवा' वर हवा. एसी असेल तर हीटरबरोबर तोही लावावा. एसी हवेतले पाणी काढतो आणि हीटर ती कोरडी हवा गरम करतो. कधी उलटेही होते. एसीने काच फार गार झाली तर वाफ बाहेरून धरते. तेव्हा वायपर फिरवावा आणि थंड वारा काचेवरून दुसरीकडे वळवावा. वाफ कोणत्या बाजूला आहे हे बोट फिरवून कळते.

आणि गाडी बंद शेडमध्ये चालू ठेवून हीटर तपासू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो.

आमच्या गाडीत नवा छोटा रेडिएटर बसवला आणि दोन्ही पाइप पुन्हा जागेवर लावले. पुढच्या पावसाळ्यात कोंडाईबारी चढताना सौ.नी सवयीने टॉवेल मांडीवर घेतला होता. धुळ्याला पोहोचेपर्यंत त्याची घडी मोडली नाही.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी घरी एवढे करावे. स्टीलच्या पेल्यात साधे पाणी घेऊन थोडा थोडा बर्फ टाकत ढवळावे आणि पेल्यावर बाहेरून पहिले दव दिसेल तेव्हा थर्मामीटरवर तापमान पाहून लिहावे. हा प्रयोग एकदा पावसाच्या दिवशी आणि एकदा डिसेंबरात करून दोन्ही आकडे विज्ञानाच्या वहीत आणावेत. थर्मामीटर प्रयोगशाळेतून मिळेल, सही करून न्यावा.