परवलीचा शब्द : सोडतीने निवडावा, सहज स्मरावा

ग्रामपंचायतीचा जमाखर्च, शाळेतील विद्यार्थ्यांच्या नोंदी, कर्मचाऱ्यांची वेतनदेयके आणि शेतकऱ्याचे बँक खाते यांचे व्यवहार आज मोठ्या प्रमाणावर संगणकाद्वारे होतात. पूर्वी दप्तराच्या कपाटाला कुलूप असे व त्याची किल्ली जबाबदार व्यक्तीजवळ राही. आता त्या किल्लीची जागा परवलीच्या शब्दाने घेतली आहे. तो दुबळा असेल तर सार्वजनिक निधी आणि नागरिकांची खाजगी माहिती दोन्ही धोक्यात येतात. म्हणून तो कसा निवडावा, हे प्रत्येकाने समजून घेणे आवश्यक आहे.

दोष कोठे आहे?

मनुष्य स्वतः शब्द निवडतो तेव्हा तो ओळखीच्या वाटेनेच जातो. गावाचे नाव, मुलाचे नाव, जन्मसाल किंवा आराध्य दैवत यांपैकी काहीतरी त्याला सुचते. २००९ साली ‘रॉकयू’ या अमेरिकन कंपनीकडील सुमारे ३ कोटी २० लाख परवलीचे शब्द चोरीस गेले. त्यांत सर्वाधिक वेळा आढळलेला शब्द ‘१२३४५६’ हा होता. अशा याद्या आज गुन्हेगारांच्या हाती असून त्यांचे संगणक प्रथम त्यांतीलच शब्द लावून पाहतात. एखाद्या अक्षराऐवजी चिन्ह घालणे किंवा शेवटी साल जोडणे, या युक्त्याही त्यांना ठाऊक आहेत. सुप्रसिद्ध अभंगाची ओळ अथवा म्हण लांब असली, तरी ती छापील असल्यामुळे सुरक्षित नव्हे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने पूर्वी अक्षरे, अंक व चिन्हे यांच्या मिश्रणावर भर दिला होता. परंतु लोक ठरावीक जागीच अंक व चिन्हे घालतात, असे आढळून आले. २०१७ साली संस्थेने हा सल्ला बदलला. सक्तीच्या चिन्हांपेक्षा लांबीला महत्त्व द्यावे आणि गुप्तता भंगल्याचा पुरावा नसता वारंवार बदलाची सक्ती करू नये, असे तिने सुचविले.

सोडतीचे बळ

यावरील सोपा उपाय म्हणजे परवलीचे वाक्य, अर्थात सोडतीने निवडलेल्या अनेक साध्या शब्दांची माळ. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली फाशांची पद्धत मांडली. फासा पाच वेळा टाकल्यास ७,७७६ निरनिराळे क्रम संभवतात. प्रत्येक क्रमापुढे एक शब्द लिहिलेली यादी असते व जो क्रम पडेल तो शब्द घ्यावयाचा. असे चार शब्द घेतल्यास सुमारे ३,६५६ लाख कोटी माळा संभवतात. सहा शब्द घेतल्यास ही संख्या आणखी सहा कोटी पटींनी वाढते. शब्दांची यादी व पद्धत चोरास ठाऊक असली, तरी हे बळ कमी होत नाही; कारण निवड मनाने नव्हे, दैवाने झालेली असते.

मराठीतील कृती

फासे वा यादी नसल्यास घरातील मराठी शब्दकोश पुरेसा आहे. ० ते ९ अंकांच्या दहा चिठ्ठ्या एका लोट्यात टाकाव्यात. तीन वेळा चिठ्ठी काढून पानाचा क्रमांक ठरवावा व आणखी दोन वेळा काढून त्या पानावरील कितवा शब्द घ्यावयाचा ते ठरवावे. प्रत्येक वेळी चिठ्ठी परत टाकून लोटा हलवावा. तसे पान वा शब्द नसल्यास, किंवा शब्द अपरिचित असल्यास, पुन्हा सोडत काढावी. मात्र निघालेला शब्द केवळ आवडला नाही म्हणून बदलू नये.

समजा तराजू, पेरू, वाडा, घुबड, शिडी व ताक हे शब्द निघाले. तराजूत पेरू घेऊन वाड्यावरचे घुबड शिडीने उतरले आणि ताक प्याले, असे चित्र मनात रंगवावे. चित्र जितके विचित्र, तितके ते अधिक काळ लक्षात राहते. हे शब्द रोमन लिपीत लिहावयाचे झाल्यास प्रत्येकाचे स्पेलिंग एकदाच निश्चित करावे. खात्याच्या नियमानुसार अंक वा चिन्ह आवश्यक असल्यास ते शेवटी जोडावे. येथे छापलेले उदाहरण मात्र कोणीही वापरू नये.

पाळावयाची पथ्ये

प्रत्येक महत्त्वाच्या खात्यासाठी स्वतंत्र वाक्य असावे. अन्यथा एका ठिकाणची चोरी सर्व दारे उघडते. वाक्य कागदावर लिहिले तर तो कागद कुलपात ठेवावा, संगणकाच्या पडद्यावर चिकटवू नये. मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक अंकांची दुसरी पडताळणी उपलब्ध असल्यास ती अवश्य सुरू करावी. उत्तम वाक्यही फसव्या दूरध्वनीवर सांगितले किंवा बनावट संकेतस्थळावर भरले तर निरुपयोगी ठरते. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

कामाच्या सोयीसाठी सरपंच वा मुख्याध्यापक यांचा परवलीचा शब्द संगणकचालकास देण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. ती थांबली पाहिजे. व्यवहार ज्याच्या नावाने नोंदला जातो, जाबही प्रथम त्यालाच विचारला जातो. ज्यास काम करावयाचे आहे त्यास, शक्य तेथे, स्वतंत्र खाते द्यावे आणि त्याची बदली होताच ते बंद करावे. दुसऱ्याचा परवलीचा शब्द कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी खाली गुन्हा असून त्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

एक शब्दकोश, दहा चिठ्ठ्या आणि अर्ध्या तासाचा वेळ एवढीच या कामाची सामग्री आहे. शाळेच्या वर्गात किंवा पंचायतीच्या सभेत ही कृती एकदा करून दाखविल्यास ती घरोघरी पोहोचेल आणि गावाच्या दप्तराला खरेखुरे कुलूप लागेल.