कॅमेऱ्याची जोडलेन्स : घ्यावी की न घ्यावी?

अलीकडे आपल्या पुष्कळ कुटुंबांत डीएसएलआर कॅमेरा आला आहे. लग्नकार्य, संमेलन, मुलांची सहल अशा प्रसंगी तो कपाटातून बाहेर निघतो. त्याच्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स थोड्याच दिवसांत अपुरी वाटू लागते आणि स्वस्तात मिळणाऱ्या जोडलेन्सकडे मन ओढले जाते. ती घ्यावी काय, असे आम्हांस वरचेवर विचारण्यात येते. आम्ही ती घेतली, वापरली आणि एकदा चांगलेच पस्तावलो. म्हणून हा लेखप्रपंच.

मूळ लेन्सच्या पुढच्या कडेला फिल्टर बसविण्यासाठी आटे असतात. त्या आट्यांवर फिरवून बसविण्याची ही काच होय. हिचे मुख्य प्रकार दोन. लहानपणी आपण सर्वांनी दुर्बीण उलटसुलट धरून पाहिलेली आहे. सरळ धरली की दूरचे झाड जवळ येते. हे टेली जोडलेन्सचे काम. उलटी धरली की अंगण लांब जाते, पण अधिक मावते. हे वाइड जोडलेन्सचे काम. गणितही सोपे आहे. २.२ पट टेली लावली की ५५ मिलिमीटरचे १२१ होतात, ०.४५ पट वाइड लावली की १८ चे सुमारे ८ होतात.

खरेदीपूर्वी आट्यांचा व्यास पाहावा. वर्तुळावर तिरपी रेघ असे चिन्ह व त्यापुढे आकडा लेन्सवर छापलेला असतो. कॅननच्या नेहमीच्या १८-५५ लेन्सवर तो ५८ असतो. निकॉनच्या जुन्या लेन्सवर ५२ व नव्या एएफ-पी लेन्सवर ५५. दुसरे, काही जुन्या लेन्सचा पुढचा भाग फोकस होताना फिरतो. त्यावर जड काच चढविली तर आतील लहान मोटरीवर ताण येतो. अशा वेळी फोकस हाताने करावा.

कॅमेरा व लेन्स यांच्या मध्ये बसणारा टेलिकन्व्हर्टर ही निराळी वस्तू आहे. तो २ पट असेल तर प्रकाश दोन स्टॉप घटतो, एफ/५.६ चे एफ/११ होते व नवशिक्याच्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस बहुधा अडतो.

आता आमची चूक सांगतो. एका संमेलनात समूहचित्र काढावयाचे होते. सभागृह लहान, माणसे साठाच्या वर, आणि पाठीशी भिंत. आम्ही वाइड जोडलेन्स लावली. कॅमेऱ्याच्या लहानशा पडद्यावर चित्र झकास दिसले. छापून आले तेव्हा मधले चेहरे स्वच्छ, कडेचे ताणलेले व धूसर, आणि चारही कोपरे काळे! आपल्या ज्येष्ठांनी मधल्या खुर्च्या पाहुण्यांना देऊन स्वतः टोकाच्या घेतल्या होत्या. त्यांपैकी एक गृहस्थ पुढल्या वर्षी वारले. त्यांच्या मुलाने चित्र मोठे करून मागितले, तेव्हा देण्याजोगे आमच्यापाशी काही नव्हते. सर्वांना बाहेर सावलीत नेऊन पायऱ्यांवर चार रांगांत उभे केले असते, तर जोडलेन्सची गरजच पडली नसती.

मग ही वस्तू टाकाऊच काय? तसे नाही. पुष्कळ वाइड जोडलेन्सचा मागचा भाग सुटा निघतो व तो जवळच्या चित्रांसाठी उपयोगी पडतो. फूल, नाणे, जुन्या दस्तावरील मोहोर यांची चित्रे त्याने चांगली येतात. मात्र एफ/८ किंवा एफ/११ ठेवावे, कॅमेरा तिपाईवर असावा आणि विषय मध्यभागी घ्यावा.

टेलीबाबत एक प्रयोग घरीच करावा. भिंतीवर वर्तमानपत्र लावून तिपाईवरून एक चित्र जोडलेन्ससह व एक तिच्याविना काढावे. दुसऱ्याचा मधला भाग कापून मोठा करावा आणि दोहोंतील अक्षरे ताडून पाहावीत. २४ मेगापिक्सेलचे चित्र ६००० गुणिले ४००० बिंदूंचे असते. लांबीरुंदी निम्मी केली तरी ३००० गुणिले २००० बिंदू उरतात. दर इंचास ३०० बिंदू धरले तर १० इंच लांबीची छपाई सहज होते. बहुतेक वेळा कापलेले चित्रच सरस ठरेल, आणि त्याला पैसा पडत नाही.

पैसा खर्चावयाचाच असेल तर तो साठवून ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स घ्यावी. एफ/५.६ च्या मानाने ती नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते. सभागृहातील मंद दिव्यांत याचे मोल कळते.

या महोत्सवातही समूहचित्र निघेलच. ज्यांच्या हाती कॅमेरा असेल त्यांस आमची विनंती एवढीच : वडीलधाऱ्यांना मध्यभागी बसवावे, आणि मंडळी उठण्यापूर्वी पडद्यावर चित्र मोठे करून दोन्ही टोकांचे चेहरे एकदा नीट पाहून घ्यावेत.