पडद्याची पारख

प्रस्तावना

संगणक विकत घेताना बहुतेकांचे लक्ष प्रोसेसर, मेमरी आणि साठवणीची जागा यांच्याकडे असते. पडदा, म्हणजेच मॉनिटर, उरलेल्या पैशांत बसवला जातो. वस्तुतः संगणकाचा जो भाग माणूस दिवसभर पाहतो तो हाच. आतले भाग बदलले तरी चांगला पडदा अनेक वर्षे तोच राहतो आणि तितकी वर्षे डोळ्यांचा त्याच्याशी संबंध येतो. कचेरीतील नोंदी, छपाईची सजावट आणि संगणकावरील खेळ ही तीन कामे पडद्याकडून तीन निरनिराळ्या गोष्टी मागतात. खोक्यावरचे आकडे मात्र तिघांसाठी एकच असतात. त्यांतला कोणता आकडा आपल्या कामाचा, हे ओळखणे म्हणजेच पडद्याची पारख.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण मॉनिटरच्या खोक्यावरील प्रमुख आकड्यांचा अर्थ सांगू शकाल, देवनागरी मजकुरासाठी ठिपक्यांची घनता का महत्त्वाची आहे हे स्पष्ट करू शकाल आणि कामानुसार योग्य पडद्याची निवड करू शकाल.

मूळ पाठ

इंच आणि ठिपके

मॉनिटरचा आकार इंचांत सांगतात आणि तो कर्णावर, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. २४ इंचांचा रुंद पडदा प्रत्यक्षात सुमारे ५३ सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच असतो. टेबलावर तो मावेल का, हे पाहण्यासाठी ही मापे उपयोगी पडतात. अक्षर किती स्पष्ट दिसेल हे मात्र इंचांवरून कळत नाही.

पडद्यावरील प्रत्येक चित्र आणि प्रत्येक अक्षर बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. एकेका पिक्सेलमध्ये लाल, हिरवा व निळा असे सूक्ष्म भाग असतात. आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असलेल्या पडद्याला 'फुल एचडी' असे नाव आहे. त्यावर एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. २५६० गुणिले १४४० ठिपक्यांच्या पडद्यावर ते ३६,८६,४०० होतात, तर 'फोर-के' म्हणून विकल्या जाणाऱ्या ३८४० गुणिले २१६० च्या पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट.

आता फुल एचडीचे ठिपके २४ इंचांच्या पडद्यावर पसरले तर दर इंचात सुमारे ९२ ठिपके येतात. तेच २७ इंचांच्या पडद्यावर पसरले तर दर इंचात ८२ च उरतात. पिठाचा गोळा तेवढाच ठेवून पोळी मोठी लाटली की ती पातळ होते, तसाच हा प्रकार. मोठा पडदा घेऊनही अक्षरे फाटकी दिसतात, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. तिचे कारण बहुधा हेच असते. २७ इंचांचा पडदा हवा असेल तर तो २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा असावा. तेव्हा दर इंचात सुमारे १०९ ठिपके मिळतात.

देवनागरीची गरज

ठिपक्यांची ही काटकसर रोमन लिपीपेक्षा देवनागरीला अधिक जाचते. इंग्रजी मजकुरातील बहुतेक अक्षरे एका पट्टीत मावतात. काहींचे शेपूट खाली जाते, काहींची काठी वर जाते, एवढेच. देवनागरीत अक्षराच्या माथ्यावर शिरोरेषा असते. तिच्याही वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि वेलांटीचा वळसा असतो, तर खाली उकार लटकतो. जोडाक्षर आले की एका व्यंजनाच्या पोटात दुसरे शिरते. बारा पॉइंटचे अक्षर नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर, काहीही मोठे न करता, सुमारे १६ ठिपक्यांच्या उंचीत बसवावे लागते. एवढ्या दाटीत 'ट्ट' आणि 'ट्ठ' एकमेकांसारखे दिसू लागतात आणि अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम दोन ठिपके येतात. 'नदी' आणि 'नंदी', 'वश' आणि 'वंश' यांच्यातला फरक तेवढ्या दोन ठिपक्यांचा असतो. मुद्रिते तपासणाऱ्याचे कसब आणि त्याची मजुरीही अशाच ठिपक्यांवर अवलंबून असते.

तेच अक्षर फोर-के पडद्यावर दीडपट मोठे करून मांडले तर त्याला २४ ठिपक्यांची उंची मिळते. शिरोरेषा सरळ दिसते, रफार मात्रेपासून सुटा होतो आणि मजकूर छापील कागदाच्या जवळ येतो. म्हणून दिवसभर मराठी मजकूर जुळवणाऱ्या किंवा तपासणाऱ्या व्यक्तीने खर्च वाढवायचाच असेल तर तो इंचांवर न करता घनतेवर करावा. एक अडचण मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. पेजमेकरसारखी मांडणीची जुनी सॉफ्टवेअरे फार दाट ठिपक्यांच्या पडद्याचा विचार करून बनवलेली नव्हती. अशा पडद्यावर त्यांच्या आज्ञांची यादी मुंगीएवढी दिसते. ज्या छापखान्यात आजही ती वापरली जातात, तेथे पडदा घेण्यापूर्वी आपले सॉफ्टवेअर त्यावर चालवून पाहणे शहाणपणाचे ठरते.

पाठगत प्रश्न १
१. २७ इंचांच्या फुल एचडी पडद्यावर अक्षरे २४ इंचांच्या पडद्यापेक्षा खरखरीत का दिसतात?
२. देवनागरी लिपीला जास्त ठिपके का लागतात? दोन कारणे लिहा.

कचेरीतील पडदा

हिशेब, पत्रव्यवहार आणि नोंदी या कामांत पडद्यावरील चित्र जवळजवळ स्थिर असते. म्हणून येथे वेगाच्या आकड्यांना फारसे महत्त्व नाही. पडद्यावरील चित्र सेकंदाला जितक्या वेळा ताजे होते त्या दराला हर्ट्झमध्ये मोजतात. काचेच्या नळीचे जुने मॉनिटर वापरात होते तेव्हा ६० हर्ट्झवर पडदा लुकलुकत असे आणि दर ८५ पर्यंत वाढवला की डोळ्यांना बरे वाटे. एलसीडी पडद्याचे चित्र दोन फेऱ्यांच्या मध्ये विझत नाही. त्यामुळे त्यावर कचेरीच्या कामाला ६० हर्ट्झ पुरतात. तथापि काही पडद्यांचा मागचा दिवा, उजेड कमी केला की, अतिशय वेगाने चालू-बंद होत राहतो. काहींना त्याने डोकेदुखी होते. याची परीक्षा सोपी आहे. उजेड कमी करून पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल भराभर हलवावी. तिची छाया एकसंध फराट्यासारखी दिसली तर ठीक, सुट्या सुट्या काड्यांसारखी दिसली तर दिवा लुकलुकतो आहे.

पडद्याचा पृष्ठभाग चकचकीत नसावा. डोक्यावर ट्यूबलाइट आणि पाठीमागे खिडकी असलेल्या खोलीत चकचकीत पडदा आरशाचे काम करतो. पडदा खिडकीला काटकोनात ठेवावा, हातभर अंतरावर असावा आणि त्याची वरची कड नजरेच्या पातळीत किंवा किंचित खाली यावी. स्वस्त मॉनिटरचा पाय केवळ मागेपुढे कलतो, वरखाली होत नाही. मग कामगार मान वाकवून बसतो आणि मानेचे दुखणे खुर्चीच्या नावावर खपते. उंची बदलणारा पाय असलेला मॉनिटर घेणे परवडत नसेल तर खाली लाकडी पाट ठेवला तरी चालतो. घरातला जुना पाट यासाठी अगदी योग्य.

पडद्याकडे पाहताना माणसाच्या पापण्या नेहमीपेक्षा कमी वेळा मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी सुमारे २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे, असे नेत्रतज्ज्ञ सुचवतात. महागातला महाग पडदाही या विश्रांतीची जागा घेऊ शकत नाही.

छपाईचा आणि सजावटीचा पडदा

लग्नपत्रिका, दुकानाचे फलक आणि दिवाळी अंकाची मुखपृष्ठे तयार करणाऱ्या दुकानात पडद्यावर एक वेगळीच जबाबदारी येऊन पडते. ग्राहकाने पडद्यावर पाहून पसंत केलेला कुंकवाचा लाल रंग कागदावर विटकरी उतरला, तर पाचशे पत्रिकांचा खर्च कोणी सोसायचा, हा वाद उभा राहतो.

येथे पडद्याच्या जातीला महत्त्व आहे. एलसीडी पडद्यांच्या तीन मुख्य जाती आहेत. टीएन जातीचा पडदा स्वस्त आणि चपळ असतो, पण बाजूने पाहिले की त्याचे रंग बदलतात. व्हीए जातीचा काळा रंग गडद असतो. आयपीएस ही जात जपानच्या हिताची कंपनीने १९९० च्या दशकात बाजारात आणली. तिचे रंग तिरक्या नजरेलाही फारसे बदलत नाहीत. सजावटीच्या दुकानात चालक समोर बसतो आणि ग्राहक शेजारच्या स्टुलावर. टीएन पडद्यावर दोघेही एकाच पत्रिकेचे दोन निरनिराळे रंग पाहत असतात. पुढचा वाद तेथेच सुरू होतो. म्हणून या कामाला आयपीएस पडदाच घ्यावा.

रंगांची व्याप्ती मोजण्याचे आकडे फसवे असतात. १९९६ साली ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी मांडलेला एसआरजीबी हा रंगपट्टा आज सर्वसाधारण प्रमाण मानला जातो. तो १०० टक्के किंवा त्याच्या जवळपास दाखवणारा पडदा सजावटीच्या बहुतेक कामांना पुरतो. काही खोक्यांवर मात्र '४५ टक्के एनटीएससी' असे छापलेले असते. एनटीएससी हे १९५३ सालचे अमेरिकन दूरचित्रवाणीचे प्रमाण आहे आणि त्याचे ७२ टक्के म्हणजे सुमारे एक पूर्ण एसआरजीबी. अर्थात ४५ टक्क्यांचा पडदा एसआरजीबीचे जेमतेम साठ-बासष्ट टक्के क्षेत्र व्यापतो. त्यावर हळद आणि केशर यांतला फरक दाखवणे कठीण जाते.

एवढे करूनही पडदा आणि कागद तंतोतंत जुळत नाहीत. पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशातून रंग घडवतो. छापखाना सायन, मॅजेंटा, पिवळी व काळी शाई कागदावर चढवतो. पडद्यावरचा झळझळीत केशरी या चार शायांतून तसाच उतरत नाही. मॅपलिथो कागदावर तर तो आणखी मंदावतो. त्यातच नवा मॉनिटर बहुधा गरजेपेक्षा अधिक प्रखर करून ठेवलेला असतो. चांगल्या उजेडात पडद्याशेजारी कोरा पांढरा कागद धरावा आणि पडद्याचा पांढरा रंग त्या कागदाइतका होईपर्यंत उजेड उतरवावा. ज्यांचे पोट रंगांवर अवलंबून आहे त्यांनी रंग मोजून पडदा जुळवणारे छोटे उपकरणही बाळगावे, कारण वापराने पडद्याचे रंग हळूहळू सरकतात.

खेळाचा पडदा

खेळात चित्र सतत धावत असते, म्हणून येथे हर्ट्झचा आकडा पुढे येतो. ६० हर्ट्झवर नवे चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांनी येते, तर १४४ हर्ट्झवर सुमारे ६.९ मिलिसेकंदांनी. चपळ खेळात हा फरक सहज जाणवतो. २४० हर्ट्झवर हा अवधी सुमारे ४.२ मिलिसेकंदांवर येतो. पहिल्या पायरीइतकी ही दुसरी पायरी डोळ्यांत भरत नाही, किंमत मात्र डोळ्यांत भरते. शिवाय तितकी चित्रे तयार करण्याची ताकद संगणकाच्या ग्राफिक्स कार्डात असावी लागते. सेकंदाला ७० चित्रे काढणाऱ्या कार्डाला २४० हर्ट्झचा पडदा जोडणे म्हणजे बैलगाडीसाठी द्रुतगती मार्ग बांधणे होय. कार्डाचा आणि पडद्याचा वेग सतत जुळवून घेणारी सोय असलेला पडदा त्यापेक्षा अधिक उपयोगी ठरतो, कारण दोघांचा मेळ चुकला की चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसते. '१ मिलिसेकंद' प्रतिसादाचा आकडा कंपन्या निरनिराळ्या रीतींनी मोजतात. त्यावर फार विसंबू नये.

ओएलईडी पडद्याचे काळे रंग खरोखर काळे आणि हालचाल अत्यंत स्वच्छ असते. पण एकच चित्र महिनोन्‌महिने एका जागी राहिल्यास त्याचा कायमचा ठसा उमटण्याचा धोका असतो. ज्या पडद्यावर दिवसभर हिशेबाची तीच चौकट उघडी असते, तेथे तो टाळलेला बरा.

दुकानात

विकत घेण्यापूर्वी संगणकाला कोणत्या जोडण्या आहेत ते पाहावे. एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीची जोडणी फोर-के चित्र सेकंदाला ३० च वेळा पोहोचवू शकते, त्यामुळे माउसचा बाण ओढत आणल्यासारखा चालतो. खरेदीनंतर संगणकाच्या मांडणीत जाऊन दरही तपासावा. १४४ हर्ट्झचे पैसे मोजून पडदा वर्षभर ६० वरच चालत असल्याची उदाहरणे थोडी नाहीत. भारतात विकल्या जाणाऱ्या मॉनिटरसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. तिचे चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा क्रमांक पाहून घ्यावा. दुकानातच संपूर्ण पांढरे आणि संपूर्ण काळे चित्र लावून मेलेला ठिपका शोधावा. एक-दोन मेलेल्या ठिपक्यांसाठी कित्येक कंपन्या मॉनिटर बदलून देत नाहीत. ती अट हमीपत्राच्या बारीक अक्षरांत असते.

ज्याला एकाच पडद्यावर हिशेब, थोडी सजावट आणि सुटीच्या दिवशी खेळ हे सारे करायचे आहे, त्याने २४ इंचांचा फुल एचडी किंवा २७ इंचांचा १४४० ठिपके उंचीचा, आयपीएस जातीचा, उंची बदलणारा पाय असलेला पडदा शोधावा. हर्ट्झचा विचार उरलेल्या पैशांत करावा.

शब्दार्थ

कर्ण – आयताच्या समोरासमोरील कोपऱ्यांना जोडणारी रेषा
घनता – दाटपणा
मुद्रित – तपासणीसाठी काढलेली छपाईची प्रत
व्याप्ती – विस्तार, पसारा
हमीपत्र – वस्तू बिघडल्यास दुरुस्तीची लेखी खात्री

स्वाध्याय

१. कचेरी, छपाई आणि खेळ यांपैकी प्रत्येक कामासाठी पडद्याचा कोणता गुण सर्वांत महत्त्वाचा आहे, ते कारणांसह लिहा.
२. पडद्यावर पसंत केलेला रंग कागदावर वेगळा का उतरतो?
३. अनुस्वाराने अर्थ बदलणाऱ्या शब्दांच्या आणखी चार जोड्या शोधा.
४. जवळच्या दुकानातील दोन मॉनिटरांच्या खोक्यांवरील माहिती उतरवून घ्या. एका छोट्या छापखान्याच्या मालकाला त्यांपैकी कोणता सुचवाल, ते पत्ररूपाने लिहा.